लाटेचं मीटर

आमच्या घराला पाण्याची भीती वारशानं आली. हैदराबादेतल्या आमच्या कोठी भागापासून मुसी नदी हाकेच्या अंतरावर आहे. आज तिच्यात पाणी शोधावं लागतं, पण २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात तिनं जे केलं ते आमच्या भागातली जुनी घरं अजून विसरलेली नाहीत. पणजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. अफजलगंजच्या चिंचेवर दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली, ही गोष्ट हैदराबादेत सगळ्यांनाच ठाऊक आहे. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आजही उभं आहे. पणजी मात्र झाडाचं सांगायची नाही. ती सांगायची, पाणी चढलं तेव्हा फारसा आवाज नव्हता, ओसरायला लागलं तेव्हा आला. भिंती पडल्याचा. मातीच्या भिंती आतून भिजून सुटल्या होत्या, आणि पुरात तग धरलेली घरं दुसऱ्या दिवशी उन्हात पडली.

आजोबा विवेकवर्धिनीत गणित शिकवायचे. हैदराबादच्या मराठी मंडळींनी १९०७ साली, म्हणजे पुराच्या आदल्याच वर्षी, काढलेली ही शाळा. पणजीची गोष्ट संपली की आजोबा तिला आपली जोड द्यायचे. पुरानंतर निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी धरणाचा आराखडा मांडण्याआधी मुसीच्या पाणलोटातली तळी हिशोबात घेतली: एकूण ७८८, आणि त्यांतली २२१ त्या पावसात फुटलेली. नदी एकटी फुगली नव्हती, वरची तळी एकामागून एक तिच्यात रिकामी झाली होती. "आधी मोजलं, मग बांधलं," आजोबा म्हणायचे, आणि उस्मानसागर नि हिमायतसागर या धरणांचं सारं श्रेय त्या मोजण्याला द्यायचे.

अशा घरातला धाकटा मुलगा समुद्राकडून वीज काढायला गेला.

धाकटे काका उस्मानिया विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअर झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मद्रासच्या आयआयटीत एका प्रकल्पावर लागले. नोकरी कसली, हे घरात कुणालाच नीट सांगता आलं नाही. आजीनं एवढंच विचारलं, "पाण्यात उतरावं लागतं का रे?" काका म्हणाले, "नाही गं, काठावरूनच." ते काठावरून होणारं काम नव्हतं, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळलं. आत्या तेव्हा कोठीच्या विमेन्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, जुन्या रेसिडेन्सीच्या आवारात, जिथे १९४९ पासून मुलींचं कॉलेज भरायचं. घरात काकांचं काम कळणारी ती एकटी. काका सुट्टीत आले की दोघांचं बोलणं गच्चीवर रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि आम्ही मुलं त्यातलं कळेल तेवढं गोळा करायचो. आज काकांनी साठी ओलांडली आहे, आत्या ऐंशीच्या घरात आहे, आणि हे सगळं लिहून ठेवायची घाई मला झाली आहे ती म्हणूनच.

काकांची गोष्ट सुरू होते १९७३ पासून, तेलाच्या किमती भडकल्या तिथून. तेलावाचून वीज कशी करायची याचा शोध तेव्हा जगभर सुरू झाला. एडिंबराला स्टीफन साल्टर यांनी लाटेवर डोलणारं, पुढे 'साल्टरचं बदक' म्हणून प्रसिद्ध झालेलं यंत्र मांडलं. हवाईच्या विधिमंडळानं १९७४ मध्ये केआहोले पॉइंटला समुद्रातल्या ऊर्जेसाठी प्रयोगशाळा उभी करायचं ठरवलं. त्याच किनाऱ्यापाशी १९७९ मध्ये एका तराफ्यावर वरचं कोमट आणि खोलवरचं गार पाणी यांच्या फरकावर वीज करून दाखवली गेली: पन्नासेक किलोवॅट तयार झाली आणि पंपांनी खाल्लेली वजा जाता पंधरा-अठरा हाती राहिली. जपानमध्ये योशिओ मासुदांचे लाटेवर दिवे पेटवणारे तरंगक तर त्याच्याही आधीपासून समुद्रात होते. आपल्याकडे जुलै १९८१ मध्ये केंद्र सरकारनं महासागर विकास विभाग काढला. त्याच्या पैशावर १९८२-८३ च्या सुमारास आयआयटी मद्रासमध्ये लाटांच्या ऊर्जेवर काम करणारा गट उभा राहिला. प्रा. एम. रवींद्रन, प्रा. व्ही. एस. राजू ही त्यातली पुढची नावं. काका त्यांचा उल्लेख आजही 'सर' असाच करतात.

पहिली काही वर्षं गेली ती टाकीत आणि कागदावर. तरंगत्या यंत्रांचे दोन प्रकार आणि कॉंक्रीटच्या पेटीतल्या हवेचा एक, असे तिन्ही तपासून झाल्यावर पेटी पसंत पडली. तिचं तत्त्व आम्हाला कळलं ते गच्चीवर. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं म्हणून तिथे सिमेंटचा हौद होता. काकांनी प्लास्टिकच्या बाटलीचं बूड ब्लेडनं कापून काढलं, बाटली उभी धरून कापलेल्या बाजूनं हौदात बुडवली आणि तोंडाशी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी धरली. बाटली खाली नेली की आतलं पाणी वर चढे, हवा तोंडातून बाहेर येई नि पट्टी बाहेर उडे. वर ओढली की हवा आत जाई आणि पट्टी तोंडाला चिकटे. "आता बाटली स्थिर आणि पाणी वरखाली, असं समज," काका म्हणाले. "बाटली कॉंक्रीटची, आणि तोंडाशी पंखा." मी विचारलं, हवा उलटी आली की पंखाही उलटा फिरेल ना? त्यावर ते आत्याकडे बघून हसले. हाच प्रश्न सगळ्या जगाला पडला होता. आमच्या देवळातल्या बाजाच्या पेटीचा भाता एकाच बाजूनं वारा देतो म्हणून सूर अखंड राहतो. समुद्राचा भाता दोन्ही बाजूंनी वारा देतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी १९७६ च्या सुमारास त्यावर उपाय काढला: पाती दोन्ही अंगांनी सारख्या आकाराची करायची. मग वारा आत येवो की बाहेर जावो, चाक एकाच दिशेनं फिरत राहतं. झडपा नाहीत, बिजागऱ्या नाहीत, खाऱ्या हवेत गंजून अडकेल असं काही नाही.

जागा कुठली, हा पुढचा प्रश्न. इथे आत्या आमच्याकडून गणित करून घ्यायची. खोल पाण्यातल्या लाटेच्या दर मीटर रुंदीमागे किती किलोवॅट वाहतात, याचा तिनं दिलेला ढोबळ हिशोब असा: लाटेची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा आणि निम्मं करा. दीड मीटर उंचीची, दर दहा सेकंदांनी येणारी लाट असेल तर मीटरमागे सव्वाअकरा किलोवॅट. उंची दुप्पट झाली तर चौपट, पंचेचाळीस. वर्गामुळे सगळा जीव उंचीत आहे. म्हणून महिनोन् महिने उंची मोजल्याशिवाय पेटी ओतता येत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हा आकडा पन्नासच्या वर जातो. आपल्याकडे बहुतेक किनाऱ्यावर तो पाच ते दहा आहे. तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेला, कोवळमशेजारी, विझिंजम नावाच्या कोळ्यांच्या बंदरापाशी मात्र वर्षाची सरासरी तेरा भरली. तिथला तळ काठापासून लवकर खोल होतो, त्यामुळे लाट थकायच्या आत किनाऱ्याला पोचते. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम मीटरभर. पेटी एका जागी रोवायची म्हटलं तर हे फार मोलाचं, कारण पाण्याची पातळी फार बदलली तर पेटीचं तोंड कधी उघडं पडायचं, कधी खूप खोल जायचं. जवळच्या वलियतुरा धक्क्यावर तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अभ्यास केंद्रानं ऐंशीच्या दशकाच्या आरंभी काही वर्षं सलग लाटा मोजल्या होत्या. ते आकडे हाताशी होते. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

काकांच्या विझिंजमच्या गोष्टींत यंत्रापेक्षा माणसं जास्त. मल्याळम येईना, तेव्हा पहिले काही आठवडे त्यांनी दखनीत बोलून काम चालवायचा प्रयत्न केला. मशिदीच्या बाजूच्या वस्तीतल्या एकदोघांना थोडंफार कळायचं. कोळी पहाटे कट्टुमरम तराफे लोटण्याआधी पाण्याकडे बघत उभे राहत. काकांची नोंदवही उघडायच्या आत ते सांगत की आज दुपारनंतर दक्षिणेकडून लांब लाट येणार. ते खरं ठरे. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, आणि तरी हजारो किलोमीटर दूर दक्षिण महासागरातल्या वादळानं उठवलेली लाट काही दिवसांनी केरळला येऊन आपटायची. काकांनी त्या नोंदवहीच्या समासात पेन्सिलीनं कोळ्यांचा अंदाज लिहायला सुरुवात केली. मापाशेजारी तो अंदाज, तारीखवार. ही वही मी पाहिली आहे. कव्हर गेलंय, पानं मिठानं कडक झालीत, आकडे निळ्या शाईचे आणि कोळ्यांचं म्हणणं पेन्सिलीचं. शाई पुष्कळ ठिकाणी फुटली आहे, पेन्सिल जशीच्या तशी.

डिसेंबर १९८८ मध्ये नॉर्वेहून बातमी आली. बर्गेनजवळ टॉफ्टेस्टालेनच्या कड्यावर कव्हार्नर कंपनीनं १९८५ मध्ये उभं केलेलं ५०० किलोवॅटचं लाटांचं वीजघर वादळात मोडून समुद्रात गेलं. विझिंजमच्या पेटीची मूळ कल्पना त्याच कुळातली होती: तोंडाशी दोन भिंती पुढे काढून एक चिंचोळं छोटं बंदर करायचं, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या लाटांना आतलं पाणी चांगली साथ देतं. नॉर्वेत वरचा मनोरा पोलादाचा होता. ती बातमी ऐकून आत्यानं काकांना पत्र लिहिलं, 'परत ये'. काकांचं उत्तर घरात जपून ठेवलेलं आहे. पोलादाचं झालं, आमचं कॉंक्रीट आहे, आणि आमच्याकडे तसली वादळं येत नाहीत, असं त्यात लिहिलंय. पत्राची शेवटची ओळ आईच्या औषधाची चौकशी करणारी आहे.

केसन, म्हणजे ती कॉंक्रीटची पेटी, सुमारे ३,००० टनांची होती. पायाकडे तेवीस मीटर लांब नि सतरा मीटर रुंद, उंची पंधरा मीटरच्या वर. ब्रेकवॉटरपासून, म्हणजे बंदराच्या लाटा अडवणाऱ्या बांधापासून, चाळीस-पंचेचाळीस मीटर समुद्रात, दहा-बारा मीटर खोल पाण्यात तिला बसवायचं होतं. एवढं धूड उचलणारी क्रेन कुठून आणणार? म्हणून ते तरंगवत न्यायचं आणि नेमक्या जागी बुडवायचं. डिसेंबर १९९० मध्ये ते बसलं. खाली आधी दगडांचा थर घालून सपाट केलेला. त्यावर केसन वाकडं टेकलं तर पुन्हा उचलायची सोय नाही. काका सांगतात, त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि कोळ्यांच्या होड्या आपणहून लांब थांबल्या होत्या. मग पोलादी पूल टाकला, वर घुमट, घुमटावर दोन मीटर व्यासाचं वेल्स टर्बाइन आणि १५० किलोवॅटचं जनित्र. ऑक्टोबर १९९१ मध्ये विझिंजमची वीज केरळच्या ग्रिडमध्ये गेली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या आयला बेटावर वेल्स यांच्याच विद्यापीठाचं ७५ किलोवॅटचं केंद्र सुरू झालं. म्हणजे या कामात आपण कुणाच्या मागे नव्हतो. हे सांगताना काकांचा आवाज आजही चढतो.

दीडशे किलोवॅट म्हणजे पाच अश्वशक्तीचे चाळीस पंप चालतील एवढी वीज, आणि तीही पूर्ण लाट असेल तेव्हाच. प्रत्यक्षात एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी पंचाहत्तर किलोवॅट आणि डिसेंबर ते मार्च पंचवीस, असा हिशोब बसला. १९९३ किंवा ९४ च्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळानं काकांचं व्याख्यान ठेवलं. बडी चावडीपासून पुतळीबावडीपर्यंतची ओळखीची मराठी घरं आली होती. बाटलीचा प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. मग वीजखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, वर्षाकाठी युनिटं किती? युनिटमागे खर्च किती? काकांनी काही लपवलं नाही. केसनचा खर्च वीजघर म्हणून वसूल होण्यासारखा नव्हताच. वर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायची काही गरज नव्हती: लाट फार मंद झाली की जनित्राची मोटार होते, आणि टर्बाइन फिरतं ठेवायला ते ग्रिडकडूनच वीज घेतं. मीटर उलट्या बाजूनं मोजायला लागतं. मंडपात एकदम निराशा पसरली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे समुद्राला वीज द्यायची होय?"

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मलाही वाईट वाटलं होतं. आज वाटतं की त्या गृहस्थांचा प्रश्न वीजघराला विचारायचा होता, तो प्रयोगशाळेला विचारला गेला. आणि हा काही आमच्या मंडपापुरता प्रश्न नव्हता. देशभर विझिंजमला हाच एक प्रश्न विचारला गेला. मंद लाटेत यंत्र उलटं वीज खातं, हे तिथे खऱ्या समुद्रात सलग मोजलं जात होतं. वेल्स टर्बाइन सुरू व्हायला जड जातं, आणि हवेचा झोत फार वाढला की पात्यांवरचा प्रवाह सुटून त्याची ताकद एकदम पडते. पुस्तकात या गोष्टी होत्या. दर चार-पाच सेकंदांनी दिशा बदलणाऱ्या खऱ्या वाऱ्यात त्या किती होतात याचे आकडे फारसे नव्हते. ते विझिंजमनं दिले. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या सागा विद्यापीठातल्या तोशिआकी सेतोगुचींसारख्या टर्बाइनच्या जाणकारांसोबत काम करून तिथे वेगळ्या जातीचं, इम्पल्स टर्बाइन बसवून पाहता आलं, जे मंद लाटेतही सहज फिरू लागतं. पुढे त्याच विजेवर समुद्राचं पाणी गोडं करून कोळ्यांच्या वस्तीला पुरवायचा प्रयोग झाला. मग केंद्र बंद पडलं.

माणसं मात्र बंद पडली नाहीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था निघाली तीच मुळी आयआयटी मद्रासच्या आवारात, आणि तिचे पहिले संचालक होते एम. रवींद्रन. लाटांवर तयार झालेली माणसं आता खोल पाण्याकडे वळली. 'सागरशक्ती' नावाची बार्ज गोव्यात, डेंपो शिपयार्डमध्ये, बांधली गेली. तिच्यावर एक मेगावॅटचं, वरच्या कोमट आणि खालच्या गार पाण्याच्या फरकावर चालणारं यंत्र. तुतिकोरिनच्या समुद्रात तिला हजार मीटर खोलीवरून गार पाणी ओढायचं होतं. त्यासाठी किलोमीटरभर लांबीचा, मीटरभर व्यासाचा पाइप उभा सोडायचा. तो पाइप दोनदा हातचा गेला. काका तोवर त्या कामात नव्हते, पण ज्यांच्याबरोबर विझिंजमला जेवले होते ते तिथे होते. दुसऱ्या खेपेला बातमी आली तेव्हा काका कोठीच्या घरी आले होते. ते दिवसभर बोलले नाहीत.

तरी गार पाणी वर आणायची विद्या वाया गेली नाही. २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्तीला तिच्यातूनच पाणी गोडं करणारं केंद्र उभं राहिलं: साडेतीनशे मीटरवरचं गार पाणी वर आणायचं, वरच्या कोमट पाण्याची निर्वातात वाफ करायची आणि त्या गार पाण्यानं ती थंड करायची. दिवसाला एक लाख लिटर. ज्या बेटावर विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं, तिथे नळाला गोडं पाणी आलं. वीज करू न शकलेली सागरशक्तीही २००७ मध्ये चेन्नईच्या समुद्रात दिवसाला दहा लाख लिटर पाणी गोडं करायच्या प्रयोगाला उपयोगी पडली. पाइप कसा सोडायचा, तो कशानं वाकतो, नांगर कुठे धरतो, हे दोन वेळा हरून शिकलेलं होतं. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोठा वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याला एक ओळही मिळू नये याचं वाईट वाटतं.

आत्याला सर्वांत नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या हैदराबादेत १९९९ मध्ये देशाचं महासागर माहिती केंद्र आलं, इन्कॉइस. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले के. राधाकृष्णन त्याचे सुरुवातीचे संचालक. उपग्रहांचे आकडे हैदराबादेत आधीपासून उतरत होते, मासे कुठे लागतील याचे अंदाज इथूनच किनाऱ्याला जात होते. म्हणून केंद्र इथे. प्रगतीनगरच्या त्याच्या आवारात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र चालतं. वर्सोवा, रत्नागिरीसारख्या ठिकाणी नांगरलेले पिवळे तरंगक लाटेची उंची मोजून इथे कळवत राहतात. दक्षिणेकडून चोरपावलांनी येणारी ती लांब लाट, केरळचे कोळी जिला 'कल्लक्कडल' म्हणतात, तिचाही इशारा आता इथून निघतो. काकांच्या वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला अंदाज आणि हा इशारा एकाच लाटेबद्दल आहेत. अलीकडे याच केंद्रानं देशाच्या सगळ्या सागरी क्षेत्रातल्या लाटा, प्रवाह, भरती नि तापमानाच्या फरकातली ऊर्जा दाखवणारा नकाशासंग्रह काढला. आत्यानं तो नातीकडून संगणकावर उघडून घेतला आणि आधी कोकण बघितलं. वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी: पावसाळ्यात लाट भरपूर, दिवाळीनंतर समुद्र सपाट. "चार महिन्यांचं पीक आहे," ती म्हणाली, "पण पीक आहे."

सरकारनं २०१९ मध्ये समुद्रातल्या ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिली. २०२२ च्या नोव्हेंबरात आयआयटी मद्रासच्याच नव्या पिढीनं तुतिकोरिनपासून सहा किलोमीटरवर 'सिंधुजा-१' नावाचं शंभर वॅटचं यंत्र लाटेवर चालवून पाहिलं. शंभर वॅट! घरातल्या एका जुन्या दिव्याएवढे. काकांना त्याचं कमी-जास्त काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते एवढंच की मुलांना परत पहिल्यापासून, नांगरापासून, सुरुवात करावी लागली. उभं, ग्रिडला जोडलेलं, पूल असलेलं, तीन हजार टनांचं केसन सांभाळून ठेवलं असतं तर आज कुठल्याही कॉलेजातल्या पोराला आपलं टर्बाइन त्यावर बसवून आठवडाभरात आकडे मिळाले असते. या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूनं आहे. केआहोले पॉइंटची जागा पन्नास वर्षं प्रयोगांसाठी उघडी राहिली म्हणून तिथे पुढे माशांची, शेवाळाची, पाण्याची कामं वाढली. जागा टिकली की कामं येतात.

काकांकडे तंगश्शेरीच्या प्रस्तावाची गोष्ट आहे, आणि ती सांगताना ते कागद पुढे ओढून आकृतीच काढतात. विझिंजमनंतर आयआयटीच्या मंडळींचं म्हणणं असं पडलं होतं की लाटेच्या विजेत महाग आहे ते कॉंक्रीट. टर्बाइन नव्हे, जनित्र नव्हे. मग जिथे बंदरासाठी ब्रेकवॉटर बांधायचाच आहे, तिथे त्याच्या पोटातच पेट्या ठेवा. लाट अडवणं हे तर ब्रेकवॉटरचं कामच आहे. कॉंक्रीटचा खर्च बंदराच्या खात्यात जातो आणि वीज वर निघते. कोल्लमजवळच्या तंगश्शेरी बंदरात अशी दहा केसन ओळीनं ठेवून १.१ मेगावॅट काढायचा आराखडा त्यांनी मांडला. तो कागदावर राहिला. २०११ मध्ये स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू गावात नेमकं हेच झालं: ब्रेकवॉटरच्या पोटात सोळा खोल्या, प्रत्येकीवर एक वेल्स टर्बाइन, मिळून २९६ किलोवॅट. ते आजवर चालत आलं आहे.

विझिंजमला आता मोठं आंतरराष्ट्रीय बंदर झालं. जुलै २०२४ मध्ये पहिलं मोठं कंटेनर जहाज लागलं, मे २०२५ मध्ये उद्घाटन झालं. ज्या खोल तळासाठी रवींद्रन सरांच्या गटानं ती जागा निवडली, त्याच खोल तळासाठी बंदरही तिथे आलं. त्याचा ब्रेकवॉटर तीन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याच्या पोटात एकही पेटी नाही. काकांनी कागदावर त्याची रेघ ओढली. "पुढचं बंदर कुठलं होतंय, ते बघून ठेव," ते मला म्हणाले. "आराखडा पक्का व्हायच्या आत पत्र लिहायचं. शंभर मीटरचा एक तुकडा मागायचा, जास्त नाही. हिशोब मी करून देतो."